लडकूच्या हातची चिमूट

सोमवार, ४ जुलै १९८८

दहावीच्या प्रयोगवह्यांतली एक कोरी वही उरली होती, ती मी लाटली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत खडूशिवाय शाळेतून काही घरी नेलं नव्हतं, तेव्हा एवढं खपून जावं. पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने छापलेले आहेत. आयुष्याला याहून जास्त रकाने लागत नाहीत.

आजचं निरीक्षण: मी भलताच हुशार माणूस आहे. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे लडकू तंबाखू मळत होता. लडकू म्हणजे आमच्या शाळेचा शिपाई, दापोड्याहून सायकलने येतो. गेली बारा वर्षं तो मळतो आणि मी हात पुढे करतो. मळणाऱ्याने आधी दुसऱ्याला द्यायची, उरलेली आपण घ्यायची, अशी त्याच्या गावाकडे रीत आहे. ती मला पहिल्या दिवसापासून पटलेली आहे.

आज त्याने भावाचं विचारलं. धाकटा भाऊ नवशा सकाळी चूळ भरायच्या आधी दारू मागतो. त्याची बायको, ठकुबाई, मजुरी करून घर चालवते. लडकू म्हणाला, "सर, तुमी सायन्सवाले. ह्यो रोग हाय का खोड हाय?"

मी त्याला पूर्ण तासच दिला. म्हटलं, दारू ही शिकलेली गोष्ट आहे. कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही, तेव्हा जी शिकली ती विसरताही येते. चार दिवस खोलीत कोंडा, एक थेंब देऊ नका. ओरडेल, थरथरेल, नाटकं करेल. काही झालं तरी कडी काढायची नाही. लडकूने सगळं मान हलवत ऐकून घेतलं. हे मी खालच्या ओठात बार भरून सांगितलं, त्यामुळे दोनचार शब्द बोबडे आले.

सोमवार, ११ जुलै

लडकू गुरुवारपासून आला नाही. स्वतः मळायला गेलो तर चुना जास्त झाला आणि ओठ सोलवटला. बारा वर्षांत मी एवढंही शिकलो नाही.

आज कळलं की नवशा शनिवारी गेला. शाळा सुटल्यावर दापोड्याला जाऊन आलो. कावीळ असणार, दारुड्यांना ती धरतेच. ठकुबाईने मान वर केली नाही. मी लडकूला म्हटलं, कोंडायला उशीर केलास, दोन वर्षं आधी विचारलं असतंस तर हाती लागला असता. तो काहीच बोलला नाही. दुःखात माणूस गप्प असतो, त्याला बोलतं करू नये.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

पंधरा दिवस आमटी तिखट लागत होती. मी बायकोला, विद्युल्लतेला, मिरच्या कमी घाल म्हणत होतो, आणि ती मिरच्या घालतच नव्हती. शेवटी ती मला धरून निजामपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे, रुपयाएवढा. तंबाखू आजपासून बंद. तीन महिन्यांनी दाखवा, गेला नाही तर मुंबईला पाठवून तुकडा काढून तपासावा लागेल. कशासाठी तपासायचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

विद्युल्लतेला विचारायची गरज नव्हती. तिचे वडील तोंडाच्याच दुखण्याने गेले. शेवटचे आठ महिने ती त्यांना चमच्याने पेज भरवत होती. घरी आल्यावर तिने पदर खोचला आणि एवढंच म्हणाली, "सोडणार की नाही, तेवढं सांगा. नसाल सोडणार तर तसं सांगा. खोटं मात्र सांगू नका."

सोडली, म्हटलं. घाबरलो होतो, हे वहीत लिहायला हरकत नाही. ही वही कोणी तपासायची नाहीये.

रविवार, २१ ऑगस्ट

उद्देश: तंबाखू ही शरीराची गरज नसून केवळ शिकलेली सवय आहे हे सिद्ध करणे.
साहित्य: वाळवलेला पुदिना, भाजलेली बडीशेप, ओवा, लवंगेची पूड. चुन्याऐवजी तांदळाची पिठी.
कृती: सगळं नेहमीसारखं. तीच वेळ, तीच टाकी, तेच मळणं, तीच थाप, तोच ओठ. फक्त तंबाखू नाही. हात फसला की डोकं फसेल आणि डोकं फसलं की मी सुटेन.

विद्युल्लतेने मिश्रण कुटून दोन डब्या भरल्या. एक घरी, एक लडकूकडे. मळायचं त्यानेच. माझ्या हाताचं कसब ओठाला माहीत आहे.

सोमवार, २२ ऑगस्ट

डोकं भणभणतंय. नववीच्या वर्गात पाण्याचं सूत्र चुकीचं लिहिलं आणि ते दाखवणाऱ्या मुलीलाच उभं केलं. फळ्यावर हात थरथरत होता. टाकीमागे लडकूने मळून दिलं, ओठात घातलं, तर पानवाल्याचा मसाला चघळल्यासारखं वाटलं.

लडकू माझ्या हाताकडेच बघत होता. त्याचा चेहरा उतरला. "सर, कापरं भरलं का?" असं त्याने तीनदा विचारलं. मग हळूच म्हणाला, भिंतीवर काय दिसत न्हाय ना? म्हटलं, भिंतीवर फळा दिसतो आणि फळ्यावर माझी चूक दिसते. तो हसला नाही.

बुधवार, २४ ऑगस्ट

जिंकलो! काल दिवसभर असाच जळत होतो. आज मधल्या सुट्टीत लडकूने मळलं, मी ओठात ठेवलं, आणि पाच मिनिटांत डोकं शांत. दुपारचे तीनही तास असे घेतले की मुलं माझ्याकडे संशयाने बघू लागली. मिश्रणाला झणका आहे, तो लवंगेचा असणार. तिसऱ्याच दिवशी मेंदूने हार मानली. लोक उगाच या गोष्टीचा बाऊ करतात.

रविवार, २८ ऑगस्ट

घरच्या डबीतलं दिवसभरात सहा वेळा घेतलं. पुदिना, बडीशेप, ओवा, सगळं वेगवेगळं लागलं. डोकं ठणकतंय. कोथिंबिरीच्या जुडीवरून विद्युल्लतेशी भांडलो, आणि जुडी मीच आणली होती. शेजारच्या गाळ्यातले यंत्रमाग आज बंद होते, तरी डोक्यात खटखट चालूच.

रविवार, १८ सप्टेंबर

आलेख काढला. सोमवार ते शनिवार प्रकृती उत्तम. रविवारी वाईट. गणपतीच्या सुट्टीत अतिशय वाईट, आरतीच्या मध्येच मी कोणावर तरी ओरडलो. मिश्रण तेच, माणूस तोच, बदलतं ते फक्त ठिकाण. म्हणजे सवय ही ठिकाणाने शिकवलेली असते. शाळेत मन रमतं म्हणून त्रास नाही, घरी रमत नाही म्हणून त्रास.

हे अनुमान मी विद्युल्लतेला मोठ्या उत्साहाने सांगितलं. दुखण्याचं कारण घर आहे, असं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्या शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, नाकाशी धरला आणि धुण्यात टाकला. तेव्हापासून कामापुरतं बोलते. बायकांना शास्त्र वैयक्तिक लागतं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

डिसेंबरात शाळेत व्यसनमुक्ती सप्ताह आहे. मुख्याध्यापक म्हणाले, समारोपाचं भाषण तुम्हीच करा, तुम्ही स्वतः करून दाखवलंत. मी आधी नको नको म्हटलं आणि मग लगेच विषय सांगितला: व्यसन, एक शिकलेली सवय. भाषण लिहायला घेतलंय. त्यात नवशाचाही दाखला घातला आहे, नाव न घेता, वेळेवर सवय न मोडल्याचं उदाहरण म्हणून. बरं उतरलंय.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी शनिवारी लागली. चौथा दिवस. झोप नाही, पोट साफ नाही. चकली मोडली म्हणून डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीला टेकलेला माणूस चकलीसाठी रडतोय.

शनिवार, १२ नोव्हेंबर

आठ दिवस झाले. थर्मामीटर तपासायचे आहेत अशी थाप मारून घरातून निघालो. शाळेला कुलूप. सायकल आपोआप दापोड्याच्या रस्त्याला लागली, असं लिहितो, पण हँडल माझ्याच हातात होतं.

लडकू नवशाच्या घराच्या पडवीत कौलं रचत होता. मला बघून, मी आत्ता पडतो की काय, अशा चेहऱ्याने धावत आला, मला बसवलं, डबी काढली, मळलं. पाच मिनिटांत मी माणसांत आलो. आता पंचाईत अशी की इथे टाकी नव्हती, शाळा नव्हती, घंटा नव्हती. ठिकाणाचा सिद्धान्त कोसळला. उरला काय, तर लडकूचा हात. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या मी अनुमानाच्या रकान्यात लिहितो: हातगुण.

ठकुबाईने चहा आणला. मी घेतला. लडकूने घेतला नाही. तो भावजयीच्या उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकत नाही, कौलं रचतो, पाणी भरतो, सगळं पडवीतून. दुपारी तिने भाकरीला हाक मारली तर सायकलला हवा भरायला निघून गेला. जमिनीचं काही भांडण असणार. भावाभावांत असतंच.

बुधवार, २३ नोव्हेंबर

तीन महिने झाले. डॉक्टरांनी बॅटरी लावली आणि बराच वेळ लावून ठेवली. चट्टा कमी नाही, एका बाजूने पसरलाय. ते म्हणाले, "तुम्ही सोडलेली नाही." मी शपथ घेतली. त्यांनी विद्युल्लतेकडे पाहिलं, तिने जमिनीकडे. जानेवारीपर्यंत मुदत दिली, नंतर मुंबई.

रिक्षाने घरी आलो. दाराशी किल्ली लावताना विद्युल्लता म्हणाली, "बाबांनीसुद्धा अशीच शपथ घेतली होती. पण खोटी आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. तुमचं तेवढंही नाही."

मी खूप चिडलो. खरं बोलणाऱ्या माणसाला कोणी खोटं म्हटलं की चीड येतेच. पण रात्री जेवताना तोंडात जीभ फिरवली आणि ती ओठाशी येऊन थांबली.

सोमवार, २८ नोव्हेंबर

शाळा उघडली. मधल्या सुट्टीच्या आधी लडकूकडून डबी मागून घेतली. तो देताना अडखळला. प्रयोगशाळेत पांढऱ्या कागदावर ओतली आणि चिमट्याने कण वेगळे केले. पुदिना हिरवा, बडीशेप पिवळी, ओवा करडा, लवंग काळी. आणि एक पाचवा ढीग झाला, तपकिरी. त्याचा वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला आणि तोंडाला पाणी सुटलं.

आता खरं लिहितो. जिभेला पहिल्या दिवसापासून कळत होतं. बारा वर्षं तंबाखू खाणाऱ्याची जीभ लवंगेने फसत नाही. ती बोलायला लागली की मी आलेख काढत होतो.

लडकूला आत बोलावून दार लावलं. कागद त्याच्यापुढे सरकवला. वाटलं होतं रागावू, पण त्याच्या तोंडाकडे बघून राग आला नाही.

"तुमचा हात कापाय लागला, सर," तो म्हणाला. "नवशाचा पन असाच कापत व्हता, पयल्या दिशी."

मग त्याने सगळं सांगितलं. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी गुरुवारी नवशाला कोंडलं. दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर साप दिसायला लागले. तो आतून दारावर धडका मारत होता, घामाने निथळत होता, आईला हाका मारत होता, आणि आई मरून वीस वर्षं झालेली. ठकुबाई दारापाशी आली, उघडा म्हणून लडकूच्या पाया पडली. शनिवारी पहाटे आत झटके आल्यासारखा आवाज झाला आणि मग आवाजच नाही.

"कडी मी धरून व्हतो," लडकू म्हणाला. "तुमी बोललेलं, नाटकं करंल, काढायची न्हाय. मंग तुमी बी सगळं एकदम सोडलं. परत कडी धरवली न्हाय मला. चिमूटभर टाकायचो."

प्रयोगशाळेत एवढी स्टुलं आहेत, पण आम्ही दोघं उभेच राहिलो. घंटा द्यायची वेळ टळून गेली होती. शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन दिली.

घरी विद्युल्लतेला सगळं सांगितलं. तिने शेगडी बारीक केली आणि विचारलं, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? नव्हतं, म्हटलं. मग म्हटलं, थोडं कळलं होतं. मग म्हटलं, कळलं होतं. तिने पाट मांडला. म्हणाली, "हे आज पहिल्यांदा खरं बोललात." लडकूकडची डबी यापुढे तीच भरून, झाकणाला चिकटपट्टी लावून पाठवणार आहे. मी शाळकरी असतानाही माझ्यावर एवढा पहारा नव्हता.

बुधवार, ३० नोव्हेंबर

डॉक्टरांकडे गेलो, चट्ट्यासाठी नाही. त्यांना नवशाचं विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याचं शरीरच दारूवर चालायला लागतं. एकदम तोडली तर झटके येतात, माणूस जातो. दवाखान्यात ठेवून, औषध देऊन सोडवावी लागते. तंबाखूचं तसं नाही, ती सोडून कोणी मरत नाही, डोकं दुखतं, झोप जाते, महिन्याभरात निवळतं. मी विचारलं, मग ही सवय की रोग? ते म्हणाले, हात शिकतो, मग अंगही शिकतं, आणि एकदा अंग शिकलं की ते तुमचं व्याख्यान ऐकत नाही. बाहेर पाच पेशंट खोकत होते, म्हणून मी उठलो.

नवशाने बहुतेक नाटक केलंच नव्हतं. नाटक तीन महिने मी केलं, आणि प्रेक्षकही मीच.

रविवार, ४ डिसेंबर

दापोड्याला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. लडकू पडवीत होता. ठकुबाई समोर बसली आणि माझ्याआधी तिनेच विचारलं.

"मास्तर, दार उघडला असता तं वाचला असता का?"

सव्वीस वर्षांत मला कोणत्याही प्रश्नाला उत्तर आलं नाही असं झालेलं नाही. आजही आलं. म्हटलं, त्याचं लिव्हर आधीच गेलं होतं, ठकुबाई. कोणी काही करू शकलं नसतं. ती उठून आत गेली. लडकूने भिंतीला तोंड करून कौल पुसायला घेतलं.

निघताना त्याच्याशेजारी उभा राहिलो आणि माझा उजवा हात पुढे झाला. तळहात वर करून. मी केला नाही, झाला. तंबाखू खरोखर सुटल्याचा सातवा दिवस आहे, बाई विधवा झाली आहे माझ्यामुळे, आत्ताच तिच्याशी खोटं बोललोय, आणि माझा हात चिमूट मागतोय. लडकूने हाताकडे पाहिलं, मी पाहिलं. मग मी तो खिशात घातला.

शनिवार, १० डिसेंबर

लिहिलेलं भाषण घरीच ठेवलं. सभागृह भरलं होतं. मी सांगितलं की व्यसन म्हणजे काय हे मला माहीत नाही, पण माहीत आहे असं समजून मी एका माणसाला कोंडायला लावलं आणि तो मेला. स्वतःबद्दलही सांगितलं, डबीसकट. फक्त डबीत तंबाखू कोणी टाकली ते सांगितलं नाही. दहा मिनिटांत संपलं. मग टाळ्या. मुख्याध्यापक म्हणाले, केवढं धाडस. शाल दिली, नारळ दिला.

टाळ्या ऐकल्या तेव्हा लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी बोललो. तीनशे माणसांपुढे मला काहीच जड गेलं नव्हतं.

लडकू मागे खुर्च्या गोळा करत होता. त्याला म्हटलं, चल. शाल आणि नारळ टेबलावरच राहिले. दोघं सायकलने दापोड्याला गेलो. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो आणि उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर पुन्हा लिव्हर आठवलं असतं.

"ठकुबाई, रविवारी मी खोटं सांगितलं. दवाखान्यात नेला असता तर नवशा बहुतेक वाचला असता. कोंडा असं मी सांगितलं. कडी काढू नका असं मी सांगितलं. मला काही कळत नव्हतं, तरी सांगितलं. लडकूच्या हातात कडी होती, पण त्याने ती माझ्या शब्दावर धरली."

ती चुलीपुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, काढली. मला वाटलं ती ओरडेल, काही फेकून मारेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तिने ताटली घेतली, भाकरी ठेवली, वर सुक्या मासळीचं कालवण घातलं, आणि ताटली उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जमिनीवर ठेवली.

"भावजी," ती म्हणाली, "आत या. जेवा."

लडकू पाच महिन्यांनी आत गेला. चपला काढायलाही त्याला वेळ लागला. पहिल्या घासालाच तिने तांब्या पुढे सरकवला. मला तिने काही विचारलं नाही, बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी पडवीत उभा राहिलो. जेवण झाल्यावर तो बाहेर आला, सवयीने डबी काढली, विद्युल्लतेची चिकटपट्टी नखाने सोडवली, पुदिना-बडीशेप मळली, थाप मारली आणि हात माझ्यापुढे धरला. मी घेतली. मुळीच चांगली लागत नाही.

जानेवारीत डॉक्टरांना दाखवायचं आहे.